डावा गाल

१

एक होतं घर. त्या घरात चार माणसं राहायची आणि एक वस्तरा. माणसं म्हणजे आमचे हे, जन्मभर लोकांच्या दाढ्या करून आता अंथरुणाला खिळलेले. मुलगा, न्हाव्याच्या पोटी येऊन सुतार झालेला. सून, जिची जीभ कुठल्याही दगडावर न घासता धारदार. आणि मी, ह्या तिघांच्या मधे उभी राहून चहा ओतणारी. वस्तरा होता माझ्या सासऱ्यांचा. ते जाऊनही बरीच वर्षं झाली होती.

पुढची खोली म्हणजे दुकान, मागची घर. दुकानाला तेव्हा कुलूप होतं. एका गिऱ्हाइकाच्या मानेला पावडर लावता लावता हे खाली बसले, ते आपल्या पायांनी उठलेच नाहीत. डावं अंग गेलं. डावा हात, डावा पाय, डावा गाल. डॉक्टरीणबाईंनी गालाला सुईचं टोक लावून पाहिलं, ह्यांना पत्ता नाही. त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ह्यांना बोलतं करा. चावू दे, भांडू दे, शिव्या दिल्या तरी चालतील. गप्प पडून राहिले तर तोंड आखडत जाईल, मग घासही उतरणार नाही."

घास उतरला नाही की पुढे काय, ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

पण हे बोलतील तर शपथ. आजारपणात एकदाच एक वाक्य बोलले. ते तोंडातून वाकडं आलं, आणि भेटीला आलेल्या शेजाऱ्याला नेमकं तेव्हाच हसू फुटलं. झालं. दाराला कडी घालावी तशी ह्यांनी तोंडाला घातली. दोन चमचे दूध घेत, की मान वळली. दाढी वाढत चालली. बाजारातला एक न्हावी दोस्त हल्ली ह्यांची दाढी करायचा, तो साबण-ब्रश घेऊन घरी आला, तर त्याच्याकडेही पाठ.

दाढीचं काय होतं, ते मला ठाऊक होतं. आमच्या घरात न्हावी स्वतःची दाढी स्वतः करत नसे. बापाची लेक करी, लेकाची बाप. आणि गिऱ्हाइकाला गरम पाणी, घरच्यांना गार. ऐन थंडीत सासरे ह्यांच्या गालाला गार साबण फासायचे. बायको-मुलाचा धनी झालेला हा बाप्या पोरासारखा ओरडायचा, "आबा, गार आहे!" सासरे म्हणायचे, "घरच्यांचे लाड कशाला?"

मग गावात बदलायच्या पात्याचे वस्तरे आले. गिऱ्हाइकं तेच मागू लागली, ह्यांनी आणले. सासऱ्यांनी आपला वस्तरा मिटून बटणांच्या डब्यात टाकला आणि ते दुकानातल्या जुन्या खुर्चीत जाऊन बसले. "ते टाकाऊ पातं माझ्या तोंडाला लावायचं नाही," एवढंच. हेही त्यांचेच चिरंजीव. ह्यांनी जुन्या वस्तऱ्याला हात लावला नाही. शेवटचे दिवस सासरे त्या खुर्चीत बसून तिच्या हाताच्या लाकडावर अंगठा घाशीत राहायचे, पुढे-मागे, पुढे-मागे. डावा अंगठा, कारण ते डावखुरे. शिसवी लाकूड ते, पण खळगा पडला त्यात. गेले तेव्हा छातीपर्यंत पांढरी दाढी होती. न्हाव्याचा बाप. लोक बोलले नाहीत, पण पाहिलं सगळ्यांनी.

२

वस्तरा सापडला सुनेला, बटण शोधताना. मुलाने तो हातात घेतला आणि त्याचे डोळे चमकले. "बाबा दुसऱ्या कशाने करून घेणार नाहीत. पण आजोबांच्या वस्तऱ्याला नाही म्हणतील?"

"आणि करणार कोण?" सून म्हणाली. "तुम्ही? दाढी म्हणजे टेबल नव्हे हो, की चुकलं तर पॉलिश मारलं."

"आधी नीट तर करू दे."

नीट करायला पुष्कळ होतं. पात्यावर गंज, मूठ तडकलेली. मुलाने खिळ्यांची डोकी कानशीने घासून काढली, तेव्हा मुठीच्या दोन पट्ट्या सुटून वेगळ्या झाल्या, वाळक्या शेंगेसारख्या. पात्याला तेल लावून ठेवलं. मग बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासत बसला. घडवणाऱ्याचा ठसा होता पात्याच्या मुळाशी, तेवढा राखला. आजोबांच्या दगडावर धार लावली. हे सगळं तो ह्यांच्या खोलीच्या दारात बसून करायचा, मुद्दाम. हे बघायचे. बघतोय हे कळू न देता बघायचे.

मुठीचं लाकूड मात्र अडलं. मुलाने मला समजावलं, वस्तऱ्याच्या मुठीला ओलं लाकूड चालत नाही. वाळता वाळता ते वळतं, आणि मग मिटताना पातं मुठीला घासून धार जाते. घरातलं जुन्यात जुनं, वाळल्यात वाळलं लाकूड पाहिजे.

"ते दुकानात आहे की," तो म्हणाला.

खुर्चीचा उजवा हात केव्हाच मोडून गेला होता. डावा होता. मुलाने तो सोडवून आणला. मी त्या खळग्यावर बोट ठेवलं. "अरे, ह्याचं काय?"

"रंध्याने जाईल, आई."

गेला. तीन-चारदा रंधा फिरला आणि सासऱ्यांच्या अंगठ्याचा खळगा ढलप्या होऊन जमिनीवर पडला. मी त्या केरात भरल्या. एक ढलपी वाटीसारखी वळलेली होती, ती हाताला ऊबदार लागली. उन्हात पडली होती, म्हणून असेल.

मूठ सुरेख झाली. दोन सारख्या पट्ट्या, पायथ्याशी छोटी पाचर, पितळी खिळे. जवसाचं तेल पाजल्यावर लाकूड काळंभोर दिसू लागलं. पातं मिटलं की बरोबर मधोमध जाऊन बसायचं, दोन्ही बाजूंना न शिवता. मुलाने तो ह्यांच्यापुढे धरला. "बाबा, आजोबांचा."

ह्यांनी एकदा पाहिलं, आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

"ठेवा तिथे फळीवर," सून म्हणाली. "पडून राहील त्यांच्यासारखा." पण हे तिने बाहेर आल्यावर म्हटलं, आणि म्हणता म्हणता डोळे पुसले.

३

फळी ह्यांच्या उशाशी होती. वस्तरा मी स्वतः मिटून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी केर काढायला गेले, तर उघडा. पुरता नाही. गिऱ्हाईक खोकलं म्हणून न्हावी क्षणभर हात थांबवतो, तेव्हा ठेवतो तसा अर्धवट.

मुलगा म्हणाला, "खिळा ढिला असेल." हातोडीने दोन टिचक्या मारल्या. पातं इतकं घट्ट झालं की मला नखाने उघडेना. पुढच्या सकाळी पुन्हा तसाच.

"उंदीर," सून म्हणाली.

"उंदीर वस्तरा उघडतो?"

"आपल्या घरातला उंदीर आहे. काही तरी धंदा शिकलाच असेल."

हसलो आम्ही. हसून झाल्यावर मी वस्तरा मिटायला उचलला आणि माझा अंगठा मुठीवर कुठे तरी आत गेला.

मी खिडकीपाशी नेऊन पाहिला. मुठीच्या एका बाजूला लाकूड दबलेलं होतं. ओरखडा नाही, तडा नाही. पायरीचा दगड मधे झिजतो तसं झिजलेलं, गुळगुळीत, अंगठ्याएवढं. मी वस्तरा उजव्या हातात धरला, खळगा कुठेच बसेना. डाव्या हातात घेतला. अंगठा त्यात असा टेकला, की जणू कुणी माझा हात धरून टेकवला.

मुलाला दाखवलं. त्याने बराच वेळ फिरवून पाहिलं. "लाकूड आतून मऊ असेल. दाबलं जातं कधी कधी." सुताराचा आवाज मला ओळखता येतो. त्या वाक्यात सुतार नव्हता.

४

मग एका सकाळी तोंड पुसायला ओलं फडकं घेऊन गेले. हे नेहमीसारखे पाठीवर. खाट भिंतीला लावलेली, कारण डावी बाजू कधी कलंडली तर भिंतीने अडावी. उजवा गाल माझ्याकडे, दाढीचं जंगल. तो पुसला. मग हनुवटीला धरून तोंड माझ्याकडे वळवलं.

डावा गाल स्वच्छ होता.

कानाच्या पाळीपासून हनुवटीच्या मध्यापर्यंत दाढी केलेली, आणि मध्यावर रेघ मारावी तशी थांबलेली. एक ओरखडा नाही, एक खुंट नाही. मी ह्या घरात तीन पिढ्यांच्या दाढ्या पाहिल्यात, इतकी गुळगुळीत दाढी एकाच हाताची असे. पण तो विचार मी बाजूला सारला. माणसाने आधी जिवंत माणसांवर संशय घ्यावा.

मुलाला विचारलं. तो म्हणाला, "मी? त्यांच्या मानेजवळ वस्तरा न्यायची माझी छाती नाही." सुनेला विचारलं. ती म्हणाली, "मी केली असती तर दोन्ही बाजूंची केली असती. मला अर्धं काम आवडत नाही."

उरले हे. ह्यांचा उजवा हात धड होता, आणि तो हात म्हणजे काय सांगू, गिऱ्हाइकं खुर्चीत घोरायची. ह्यांनीच केली असणार. घरची रीत मोडून, कुणाला न कळता. असा विचार केला आणि पहिल्यांदा बरं वाटलं. मग दुसरा विचार आला. जो माणूस जेवत नाही, बोलत नाही, त्याच्या हाती रोज उघडा वस्तरा. आज गालावर फिरला. उद्या कुठे फिरेल?

"अहो," मी म्हटलं, "तुम्ही केलीत का? सांगा. रागावणार नाही मी."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत लपवाछपवी नव्हती. भीतीही नव्हती. ह्यांनी उजवा हात उचलून आपला उजवा गाल चाचपला, दाढी आहे ना म्हणून. मग डावा चाचपला. आणि हात तिथेच राहिला.

ह्यांना ठाऊकच नव्हतं.

५

वस्तरा मी दुकानाच्या खणात ठेवून कुलूप घातलं. किल्ली माझ्या परकराच्या खिशात. म्हटलं, आता बघू.

दोन दिवस गेले असतील. ह्यांच्या डाव्या गालावर खुंट दिसू लागले होते, आणि मला वेडीला त्या खुंटांचा आनंद. मग एका दुपारी ताट घेऊन गेले, तर गाल पुन्हा साफ. तशीच दुकानात गेले. कुलूप जागच्या जागी. खण उघडला. वस्तरा मिटलेला होता. पण पात्याला हात लावला तर ओला.

आणखी एक गोष्ट होती, ती मी आधी मनावर घेतली नव्हती. खाट. रोज केर काढताना ती भिंतीपासून थोडी सुटलेली दिसायची. मी ढकलायची. वाटायचं, ह्यांच्या हलण्याने सरकत असेल. पण ज्याचं अर्धं अंग हलत नाही, तो खाट कशी सरकवील? आणि आता नीट पाहिलं तर फट चांगली हातभर होती. मांजराला फार आणि माणसाला पुरेल एवढी. अंग चोरून उभं राहिलं तर.

सासरे डावखुरे होते, तेव्हा गिऱ्हाइकाच्या डाव्या बाजूला उभे राहायचे. दुकानात त्यांच्या जुन्या खुर्चीच्या डावीकडची फरशी झिजलेली आहे. सगळ्या न्हाव्यांच्या दुकानात उजवीकडची झिजते.

मी सुनेला सांगितलं. तिने फट वितीने मोजून पाहिली. मग म्हणाली, "आई, खाट ह्या भिंतीला लावूया का, समोरच्या?"

"म्हणजे उजवी बाजू भिंतीकडे येईल."

"मग येऊ दे की. डावी आपल्या डोळ्यांपुढे राहील."

मी विचार केला. "नको," म्हटलं. का म्हटलं, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

६

दुपार होती. मुलगा कामावर, सून बाजारात. मी ठरवूनच बसले होते. वस्तरा रुमालात गुंडाळून माझ्या खिशात. खाट भिंतीला टेकवलेली. ह्यांचा उजवा हात माझ्या दोन्ही हातांत. म्हणजे धड हात माझ्याकडे, वस्तरा माझ्याकडे, जागा बंद. आता काही होणार असेल तर मी बघेन, आणि ह्यांच्या गळ्यापर्यंत काही जाणार असेल तर मी मधे पडेन. म्हातारी असले तरी मधे पडता येतं.

खिडकीतून ऊन पायांवर पडलं होतं. कुठे तरी नळ ठिबकत होता. माझा डोळा लागला नव्हता, हे मी आजही सांगेन.

दुकानातून आवाज आला. चट. पट. चट. पट. चामड्याच्या पट्ट्यावर पातं फिरवल्याचा. शेजारी गादी झटकत असतील, मी म्हटलं. पण गादी झटकणारा दमतो, त्याचा ताल मोडतो. हा ताल मोडत नव्हता. मग थांबला.

खाटेचे पाय फरशीवर करकरले. मी ह्यांचा हात घट्ट धरला. खाट माझ्या गुडघ्यांकडे सरकली, हळू, झोपलेल्याला जाग येऊ नये अशा बेताने.

हे जागेच होते. भिंतीकडे बघत होते.

मग ह्यांच्या डाव्या गालावर, डोळ्याच्या जरा खाली, दोन खळगे पडले. बोटं टेकल्यावर पडतात तसे. कातडी वर, कानाकडे ताणली गेली, जशी न्हावी ताणतो. ओघळलेला ओठाचा कोपरा तिच्याबरोबर वर आला. आजारपणानंतर पहिल्यांदा मी ह्यांचं तोंड सरळ पाहिलं. माझा नवरा होता तो, पुरता.

पातं मी पाहिलं नाही. खिशात हात घालून चाचपायला हवं होतं. नाही घातला. खिसा हलका लागला असता तर मी काय करणार होते? आणि जड लागला असता, तर?

गालावरचे खुंट कमी होत होते. वरून खाली, एकेक पट्टा.

आणि हे बोलले.

"गार आहे."

आवाज घोगरा, शब्द वाकडे, पण मला कळले. ज्या गालाला सुई कळली नव्हती, त्या गालाबद्दल बोलत होते.

"घरच्यांना नेहमी गारच," हे म्हणाले, आणि डाव्या डोळ्यातून पाणी वाहून कानात गेलं. "आबा, मी तुमची केली नाही. तुम्ही माझी का करता?"

खळगे तिथेच होते. जरा थांबले. मग हलकेच सुटले, आणि गाल खाली आला. पण पहिल्याइतका खाली नाही.

मी हात लावून पाहिला. ओला होता. पाळीमागे बोटभर फेस राहिला होता. आणि मला काय सुचावं? सासरे घरात असताना सून जे विचारते तेच सुचलं. त्या हातभर फटीकडे बघून मी म्हटलं, "मामंजी, पाणी तापवून देऊ का?"

हे हसले. अर्ध्याहून थोड्या जास्त तोंडाने.

७

मुलगा कामावरून आला, हातपाय धुवून दारात उभा राहिला. हे म्हणाले, "सुतारा."

तो दाराच्या चौकटीला धरून राहिला.

"अर्धी राहिलीय."

"मला नाही येत, बाबा."

"मला येतं. मी सांगतो."

सुनेने वाटीत पाणी आणलं. ते तापवू का विचारल्यावर ह्यांनी जी नजर टाकली, त्यावर ती म्हणाली, "कळलं. गार." मी वस्तरा रुमालातून काढून दिला. कोरडा होता, मिटलेला होता. मी त्यावर विचार करत बसले नाही.

मुलगा उजवीकडे बसला. त्याच्या कपाळावर घाम. हे सांगत होते, शब्द सांडत होते, पुन्हा गोळा करून सांगत होते. "मूठ आवळू नको. रंधा नाही तो. दाबू नको. पात्याचं वजन पुरे. कातडी ताण. वर ताण, कानाकडे. हां." इतकं तर हे धडधाकट असतानाही एका दमात बोलले नव्हते. हनुवटीला एकदा कापलं. "लागलं का?" मुलगा घाबरून म्हणाला.

"लागलं," हे म्हणाले. "लागू दे. कळतंय."

दोन्ही गाल साफ झाले तेव्हा दुधाबरोबर पाव मागितला. चावून खाल्ला.

डॉक्टरीणबाई आल्या, सुई टोचली, तर हे ओरडले. त्यांनी मला विचारलं, "ह्यांना बोलतं कसं केलंत?" मी म्हटलं, "दाढी केली." त्यांना वाटलं मी गंमत करतेय.

पुढे काठी आली, मग काठीने दुकानापर्यंत चालणं आलं. मुलाने जुन्या खुर्चीला दोन नवे हात लावले आणि हे त्यात बसून सगळ्यांच्या चुका काढू लागले. दुकान चालवणार कोण, हा प्रश्न होता. सून म्हणाली, "मी. अर्धं काम मला आवडत नाही, पूर्ण शिकवत असाल तर शिकते." ह्यांनी तिच्या हाती वस्तरा दिला, सरावाला पाण्याने भरलेला फुगा साबण फासून पुढे धरला, आणि तिने तो न फोडता भादरला. आज लोक तिचे टोमणे ऐकायला म्हणून येतात आणि दाढी करून जातात.

ह्यांची दाढी मात्र रोज सकाळी मुलगाच करतो, आजोबांच्या वस्तऱ्याने, गार पाण्याने. मुठीच्या दुसऱ्या बाजूला आता उजव्या अंगठ्याचा खळगा पडू लागलाय. हा मात्र आमच्या डोळ्यांदेखत पडतोय, सावकाश, लाकडाला पडायचा तसा. खाट आम्ही भिंतीला लावत नाही. हातभर जागा सोडतो. झाडायला बरं पडतं, असं सून म्हणते.

तर ज्या घरातलं तोंड वाकडं झालं होतं ते असं सरळ झालं. ज्या दुकानाला कुलूप होतं तिथे सकाळपासून बाकावर माणसं बसलेली असतात. पुढच्या खोलीत हे आणि सून भांडतात, आणि मागच्या खोलीत मी चहा टाकते. दोघांचे आवाज इथपर्यंत येतात, खणखणीत. असेच तुमच्याही घरातून येवोत.